चाऱ्याच्या कपाटातील उष्मा व खेळती हवा

होळी झाली की विहिरींचे पाणी खाली जाते, बांधावरचे गवत वाळते आणि दुभत्या जनावरांपुढे कडबा व पेंड ह्यांखेरीज काही टाकता येत नाही. हिरव्या वैरणीसाठी पाणी नाही आणि विकत घ्यावी तर परवडत नाही, अशा अडचणीत मातीविना चारा वाढविण्याची रीत पुष्कळ दूध उत्पादकांनी जवळ केली. २०१२-१३, २०१५-१६ व २०१८-१९ ह्या टंचाईच्या वर्षांत महाराष्ट्रात ठिकठिकाणी चारा छावण्या उघडाव्या लागल्या, त्या काळात ह्या रीतीची चर्चा गावोगाव झाली. गोव्यात चराऊ जमीन मुळातच थोडी. तेथे राष्ट्रीय कृषी विकास योजनेखाली अशी केंद्रे उभारण्यात आली आणि जुने गोवे येथील भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या केंद्रात ह्या चाऱ्याचा अभ्यासही झाला.

कृती सोपी आहे. मक्याचे निवडक दाणे बारा ते चोवीस तास भिजवावयाचे, ओल्या गोणपाटात एक दिवस ठेवून मोड आणावयाचे आणि मग भोके पाडलेल्या ट्रेमध्ये पसरून मांडणीवर ठेवावयाचे. अधूनमधून पाण्याचा फवारा दिला की सात-आठ दिवसांत वीतभर उंचीचा, मुळांनी गच्च विणलेला हिरवा गालिचा तयार होतो. एक किलो मक्यापासून साधारणपणे पाच ते सहा किलो चारा मिळतो. ही मांडणी चारही बाजूंनी शेडनेटने, ताडपत्रीने किंवा पत्र्याने झाकली की तेच चाऱ्याचे कपाट होय.

माघ-फाल्गुनात उत्तम चालणारे हे कपाट चैत्र-वैशाखात मात्र एकाएकी बिघडते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दाण्यांवर पांढरी कापसासारखी तंतुमय बुरशी दिसू लागते, पाचव्या दिवशी कुबट वास सुटतो, मुळांचा थर चिकट होतो आणि सातव्या दिवशी उकिरड्यावर टाकण्यावाचून गत्यंतर राहत नाही. मग दोष बियाण्यास दिला जातो, पाण्यास दिला जातो, क्वचित कपाट विकणाऱ्यासही दिला जातो. बियाणे फुटके अथवा जुने असेल तर तो दोष खराही असतो. परंतु ज्या बियाण्याने हिवाळ्यात चांगला चारा दिला तेच उन्हाळ्यात नासले, तर कारण कपाटातील कोंडलेल्या उष्म्यात शोधावे.

दाणा स्वतः तापतो

मळणीनंतर ओलसर राहिलेली ज्वारीची रास किंवा ओल्या भुईमुगाच्या शेंगांचा ढीग आत हात घातल्यावर गरम लागतो, हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. जुन्या काळी पेव उघडल्यावर आत माणूस उतरविण्यापूर्वी कंदील सोडून पाहत, तो विझला तर थांबत. दोन्हींचे मूळ एकच आहे. दाणा जिवंत असतो आणि श्वसन करतो. श्वसनात त्याच्यातील पिष्ट जळते, प्राणवायू खर्च होतो, कर्बवायू व पाण्याची वाफ बाहेर पडते आणि उष्णता निर्माण होते. कोरड्या दाण्यात हे काम अगदी मंद चालते. भिजून मोड फुटल्यावर ते कित्येक पटींनी वाढते.

किती उष्णता, ह्याचा ढोबळ हिशेब करून पाहण्यासारखा आहे. रोज १२ किलो मका भिजविणाऱ्या व आठ दिवसांनी चारा काढणाऱ्या कपाटात निरनिराळ्या अवस्थांतील मिळून सुमारे १०० किलो मका एका वेळी असतो. त्यात कोरडा पदार्थ ८८ किलोच्या आसपास. आठ दिवसांत त्यापैकी शेकडा १५ भाग श्वसनात जळाला असे धरले, तर १३ किलो पिष्ट जळते. ही उष्णता आठ दिवसांवर वाटली तर ती सुमारे ३०० वॅट येते. म्हणजे शंभर वॅटचे तीन जुने दिवे रात्रंदिवस कपाटात जळत ठेवल्यासारखे होते. शिवाय ही उष्णता ट्रेमधील मुळांच्या जाड थराच्या पोटात तयार होते. म्हणून कपाटातील हवा सुखावह वाटत असतानाही थराचा गाभा तिच्याहून बराच गरम असू शकतो आणि बुरशी तेथूनच सुरू होते.

ह्यात आणखी एक तोटा दडलेला आहे. चारा पाचपट-सहापट वजनाचा दिसला तरी ती वाढ पाण्याची असते. एक किलो मक्यात जवळजवळ ९०० ग्रॅम कोरडा पदार्थ असतो, तर त्यापासून झालेल्या चाऱ्यात तो सातशे ते साडेसातशे ग्रॅमच उरतो. बाकीचा श्वसनात जळतो व थोडा पाण्याबरोबर वाहून जातो. तापमान दहा अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग साधारणपणे दुप्पट होतो. तेव्हा २५ अंशांऐवजी ३५ अंशांवर चालणारे कपाट बुरशीपासून वाचले तरी शेतकऱ्याचा मका अधिक जाळते. जनावराच्या पोटात जावयाचा दाणा हवेत जातो. हा चारा सुक्या वैरणीची जागा घेऊ शकत नाही, तो कडब्याच्या जोडीला द्यावयाचा असतो, हेही कार्यकर्त्यांनी आरंभीच स्पष्ट करावे.

कपाटातील तापमान २० ते २५ अंश सेल्सिअस राहिले तर उत्तम. २८ अंशांपर्यंत सावधपणे काम चालते. तीस अंशांच्या वर मात्र मक्याच्या कोंबापेक्षा बुरशीची वाढ अधिक जोमाने होते आणि दमटपणा जास्त असेल तर ती हाताबाहेर जाते.

दिवसाचा उष्मा छपरातून येतो

दाण्याची उष्णता रात्रंदिवस असते, पण दुपारी तिच्याहून कितीतरी मोठा वाटेकरी येतो. दहा फूट लांब व दहा फूट रुंद छपरावर उन्हाळ्याच्या दुपारी पडणारे ऊन सुमारे आठ हजार वॅटचे असते. उघड्या पत्र्याखाली त्यातील चौथा हिस्सा जरी आत उतरला तरी तो दाण्याच्या उष्णतेच्या सहा-सातपट होतो. हा भार पंख्याने काढण्याचा प्रयत्न करणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय. आधी ऊन अडवावे.

ह्यासाठी खर्चाची गरज नाही. पत्र्यावर उसाचे पाचट, भाताचा पेंढा किंवा तुराट्यांचा थर बांधावा. पत्रा व थर ह्यांच्यामध्ये चार बोटे मोकळी जागा बांबू आडवे टाकून ठेवली, तर तेथून वाहणारी हवा बरीच उष्णता घेऊन जाते. पत्र्यास वरून चुना लावल्यानेही फरक पडतो. नवे कपाट उभारावयाचे असेल तर ते चिंच, आंबा किंवा कडुनिंब ह्यांच्या सावलीत, आढे पूर्व-पश्चिम ठेवून उभारावे. म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन आखूड बाजूंवर पडते. गोठ्यातच एका कोपऱ्यात कपाट बसविण्याचा मोह पुष्कळांना होतो. सावली मिळते हे खरे, परंतु जनावरांच्या श्वासाची वाफ, गोमूत्राची वाफ व माश्या ह्यांनी तो फायदा फिटतो. गोठ्याच्या भिंतीबाहेर, तिच्याच सावलीत जागा पाहावी.

हिरव्या शेडनेटविषयी एक गैरसमज आहे. जाळी असल्यामुळे हवा आपोआप खेळेल असे वाटते, परंतु दाट विणीची जाळी वारा पुष्कळच अडविते आणि ओली होऊन तिच्यावर धूळ बसली की ती कापडासारखीच वागते. जाळीच्या कपाटासही खाली-वर स्वतंत्र झरोके लागतात.

हवा खालून घ्यावी, वरून सोडावी

गरम हवा हलकी असते व वर चढते. चुलीवरील धुराड्याचे काम ह्याच नियमावर चालते आणि कपाटाचेही तसेच चालवावे. थंड बाजूस जमिनीपासून वीतभर उंचीवर आत येणारे झरोके व विरुद्ध बाजूस छपराच्या आढ्याजवळ बाहेर जाणारे झरोके ठेवावेत. दोन्ही झरोके एकाच उंचीवर ठेवले तर वारा पडल्यावर हवा जागची हलत नाही आणि उन्हाळ्याच्या रात्री वारा पडतोच.

वरील हिशेबातील ३०० वॅट उष्णता, आतील हवा बाहेरच्यापेक्षा तीन अंशांहून अधिक न तापता काढून टाकावयाची असेल, तर तासाला सुमारे ३०० घनमीटर हवा बदलली पाहिजे. दहा फूट लांब, दहा फूट रुंद व आठ फूट उंच कपाटात ही हवा तासातून तेराएक वेळा बदलल्यासारखी होते. वरच्या व खालच्या झरोक्यांत दोन मीटरचे अंतर असेल, तर वाऱ्याच्या मदतीवाचून एवढे काम होण्यास खाली साडेतीन व वर साडेतीन चौरस फूट मोकळे तोंड लागते. उंदीर, चिमण्या ह्यांच्यासाठी तोंडावर जाळी बसविली की वाट अरुंद होते, म्हणून प्रत्येकी सात चौरस फूट धरावे. पुष्कळ कपाटांना ह्याच्या चौथाईनेही झरोके नसतात. वरच्या बाजूस तर बहुधा काहीच नसते, कारण पाऊस आत येईल ही भीती. झरोक्यावर पुढे आलेली लहान पडवी काढली की ती भीती उरत नाही.

ट्रेच्या मांडणीतही वाट ठेवावी लागते. मांडणी भिंतीला चिकटवू नये, अर्धा फूट तरी अंतर असावे. दोन खणांमध्ये दीड फूट उंची असावी, म्हणजे चारा वाढल्यावरही त्याच्या शेंड्यांवरून हवा वाहत राहते. एका चौरस मीटर ट्रेमध्ये मक्याचे ६ ते ७ किलो दाणे मावतात; चैत्र-वैशाखात ते त्याहून कमी पसरावेत. जास्त चारा मिळावा म्हणून थर जाड करणारा शेतकरी स्वतःच्या हाताने गाभ्यातील उष्णता कोंडतो.

वीज असेल तेथे लहान एक्झॉस्ट पंखा उपयोगी पडतो. तो वरच्या झरोक्यात, आतली हवा बाहेर टाकील असा बसवावा. आत वारा घालणारा पंखा समोरच्या ट्रेचे शेंडे सुकवितो आणि मागच्या कोपऱ्यात हवा साचलेलीच राहते. पंख्यावर विसंबून झरोके बुजवू नयेत. भारनियमनात रात्री पंखा बंद पडला की बंद कपाटातील चारा सकाळपर्यंत बिघडू शकतो, उघड्या झरोक्यांचे कपाट मात्र कसेबसे तग धरते.

देशावरचा उन्हाळा आणि कोकणातला उन्हाळा

ओल्या गोणपाटाने कपाट थंड होते हे बहुतेकांनी ऐकलेले असते, परंतु ते कोठे होते आणि कोठे होत नाही ह्याचा विचार सहसा होत नाही. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. शंभर किलो मक्याची वर सांगितलेली सगळी उष्णता दिवसाला दहा-अकरा लिटर पाण्याच्या वाफेत निघून जाऊ शकते. अट एवढीच की ती वाफ सामावून घेण्याइतकी बाहेरची हवा कोरडी असली पाहिजे.

विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्याच्या दुपारी हवा ४० अंश तापलेली व आर्द्रता शेकडा २० एवढीच असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक सुमारे २३ अंश दाखवितो. अशी हवा ओल्या गोणपाटातून किंवा वाळ्याच्या पडद्यातून आत घेतली तर ती २८ अंशांपर्यंत थंड होऊन येते. म्हणून तेथे दुपारी सर्व झरोके मोकळे टाकणे चुकीचे आहे. त्याने बाहेरची झळ थेट आत येते. वाऱ्याच्या बाजूचे खालचे झरोके ओल्या पडद्याने झाकावेत, इतर खालच्या झडपा लावाव्यात आणि वरचे झरोके उघडे ठेवावेत. दिवस मावळला की पडदे गुंडाळून सगळ्या झडपा उघडाव्यात. रात्रीची थंड हवा फुकट मिळते, ती घ्यावी.

कोकणात व गोव्यात त्याच महिन्यात हवा ३३ अंशांची, पण आर्द्रता शेकडा ७५ असू शकते. तेथे ओल्या फडक्याचा तापमापक २९ अंशांच्या खाली उतरत नाही. पडदा कितीही भिजविला तरी दोन-तीन अंशांपलीकडे थंडावा मिळत नाही, उलट पडद्याने वारा अडतो व दमटपणा वाढतो. म्हणून किनारपट्टीत पडदे लावू नयेत. समुद्रावरून येणाऱ्या दुपारच्या वाऱ्यास पश्चिमेची बाजू पूर्ण मोकळी द्यावी, दाण्यांचा थर शक्य तितका पातळ ठेवावा आणि मे महिन्यात सातव्या दिवसाची वाट न पाहता सहाव्या दिवशीच चारा काढून घालावा. घाटावर चांगले चाललेले कपाट पाहून आलेल्या शेतकऱ्याने तेच कोकणात जसेच्या तसे उभारले तर त्याची निराशा होते ती ह्यामुळे.

कोणत्या दिवशी पडदा उपयोगी पडेल हे दोन साध्या तापमापकांनी कळते. एक कोरडा ठेवावा, दुसऱ्याच्या फुग्यावर मलमलीची ओली चिंधी बांधून तिचे टोक पाण्याच्या वाटीत सोडावे आणि दोन्ही सावलीत वाऱ्यावर टांगावेत. दोहोंत दहा अंशांहून अधिक फरक असेल तर पडदा भिजवावा. चार-पाच अंशच असेल तर गुंडाळून ठेवावा. कपाटाच्या आतही एक तापमापक मधल्या खणात ट्रेच्या उंचीवर असावा, दाराजवळ नव्हे. पहाटे पाच वाजता आतले व बाहेरचे तापमान ताडून पाहावे. त्या वेळी ऊन नसते, तेव्हा जो फरक दिसतो तो दाण्याच्या उष्णतेचा. आतले तापमान तीन अंशांहून अधिक असेल तर झरोके अपुरे आहेत असे समजावे. तापमापक नसेल तर पहाटे हाताची पाठ मुळांच्या थराखाली घालून पाहावी; थर अंगाएवढा कोमट लागला तर त्याच दिवशी थर पातळ करावा.

दिवे, पाणी व बुरशी

बाजारात मिळणाऱ्या काही बंद कपाटांत दिव्यांच्या पट्ट्या व थंड हवेचे यंत्र असते. सात-आठ दिवसांच्या मक्याच्या चाऱ्यास दिव्यांची आवश्यकता नाही. कोंब दाण्यातील साठ्यावर वाढतो, हिरवेपणासाठी सावलीतला उजेड पुरतो. दिवा एलईडीचा असला तरी तो जेवढी वीज घेतो तेवढी उष्णता अखेर कपाटातच सोडतो. शंभर वॅटची पट्टी म्हणजे तेहतीस-चौतीस किलो मक्याची भर. थंड हवेच्या यंत्राची गरम हवा खोलीबाहेर नेली नाही, तर खोली तापते आणि यंत्र स्वतः टाकलेल्या उष्णतेशीच झगडत बसते. चार-सहा जनावरांच्या शेतकऱ्याने असे कपाट घेण्यापूर्वी उन्हाळ्यातील विजेच्या बिलाचा विचार करावा.

पाणी थोडे व वारंवार द्यावे. दिवसा दोन-दोन तासांनी हलका फवारा पुरतो. ट्रेला एका बाजूस उतार असावा व भोके मोकळी असावीत, कारण थराखाली साचलेले पाणी हवेची वाट बंद करते आणि मुळे कुजू लागतात. वरच्या खणाचे पाणी खालच्या ट्रेवर ठिबकू न देता पन्हळीने बाहेर काढावे. संध्याकाळच्या शेवटच्या फवाऱ्यानंतर तासभर झडपा उघड्या असाव्यात. ट्रे दर फेरीनंतर ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवावेत. भिजविताना वर तरंगणारे व फुटके दाणे काढून टाकावेत; ते रुजत नाहीत, मात्र बुरशीला घर देतात. पेरणीसाठी औषध लावलेले रंगीत बियाणे चाऱ्यासाठी कधीही वापरू नये, ते जनावरांस विषारी आहे.

बुरशी आलेला ट्रे वरून धुऊन किंवा वरचा भाग खुडून घालण्याची चूक काही घरांत होते, कारण मका वाया गेल्याचे दुःख मोठे असते. परंतु काही बुरशा अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. ते धुण्याने जात नाही, जनावराच्या यकृतास इजा करते आणि त्याचा अंश दुधात उतरतो. ते दूध घरातील लेकरेही पितात. असा ट्रे कपाटातून ताबडतोब बाहेर काढावा, शेजारचे ट्रे तपासावेत आणि नासलेला थर जनावरे पोहोचणार नाहीत अशा खड्ड्यात मातीखाली पुरावा.

पावसाळ्यात उष्मा कमी होतो, पण हवा ओलीच असते. त्या दिवसांत फवारे निम्म्यावर आणावेत आणि पाऊस येतो म्हणून झडपा लावून टाकू नयेत. हिवाळ्यात उलट अडचण येते. पौषात विदर्भात रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरला की मोड लवकर फुटत नाहीत व चारा दहा दिवस घेतो. तेव्हा खालच्या झडपा बहुतांशी लावाव्यात, दाण्यांचा थर थोडा जाड ठेवावा आणि दाण्याची स्वतःचीच ऊब त्याच्या कामी आणावी. वरचा झरोका मात्र चार बोटे उघडा असावा. ऊब येण्यासाठी कोळशाची शेगडी बंद कपाटात ठेवू नये. तिचा धूर कोंबास बाधतो आणि पहाटे दार उघडून आत शिरणाऱ्याच्या जिवास तर त्याहून अधिक.